मूळचं किती?

मोठ्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो. खांब पाहून विचारतो, जिना पाहून विचारतो. एकदा तर एका बाईने संडासातून बाहेर येऊन विचारला होता. "हे मूळचं आहे का?"

एल्डरमीर इस्टेटीवरचं मोठं घर लोकांना हिंडून दाखवायचं, हे माझं काम. गळ्यात पट्टी असते, तिच्यावर नाव असतं, अर्नेस्टीन. इस्टेट चालवणाऱ्या कंपनीने एक भाषण पाठ करायला दिलंय. त्यात 'गुलाम' हा शब्द एकदाच येतो, तोही मागच्या अंगणात पोचल्यावर. तोवर सगळीकडे 'त्या काळचे कामकरी'. कामकरी म्हटलं की पगार आला, सुटी आली. माझे खापरपणजोबा याच नदीकाठच्या भातखाचरांत कमरेएवढ्या चिखलात उभे राहून गेले. त्यांनी हे भाषण ऐकलं असतं तर चिखलातच हसून लोळले असते.

आता मूळचं काय, ते मी तुम्हाला सांगते. भाषणात नाही ते.

पहिली गोष्ट, ज्या बाजूला उभे राहून लोक फोटो काढतात ती घराची पाठ आहे. तोंड नदीकडे. त्या काळी पाहुणे होडीने येत. आता गाड्या रस्त्याने येतात, म्हणून इथे लग्न करायला येणारी नवरानवरी घराच्या ढुंगणापुढे उभी राहून हसतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. भिंती दगडी दिसतात, त्या विटांच्या आहेत. वर गिलावा देऊन तो ओला असतानाच दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढल्यात. जेवणघरातली संगमरवरी शेकोटी पाइनच्या लाकडाची आहे. कुणा कामकऱ्याने, हो, कामकऱ्यानेच, पिसाने रंग ओढून तिच्यावर संगमरवराच्या शिरा काढल्या. दारंही पाइनचीच, पण रंगाने महोगनीची केलेली. जिना नदीच्या वरच्या अंगाला एक घर पाडलं तिथून विकत आणलेला. पश्चिमेची बाजू एकदा जळली, ती नवी बांधली. आणि ते मोठमोठे पांढरे खांब? मूळचे सायप्रसच्या लाकडाचे होते. कुजले. आताचे कारखान्यातून येतात, प्लास्टिकच्या जातीचे. टिचकी मारा, डब्यासारखे वाजतात. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते आमच्याकडे शब्दशः खरं आहे.

एवढं सगळं असून फाटकावर पितळी पाटी आहे: मूळ स्वरूपात जतन केलेली वास्तू.

आता दुसरं घर. मोठ्या घराच्या मागे, ओकच्या रांगेपलीकडे, खाचरांच्या कडेला पूर्वी आमच्या लोकांच्या खोपटांची एक सबंध गल्ली होती. त्यातलं एकच उरलं होतं, कारण त्यात व्हर्डेल आत्या राहत होती. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिथेच जन्मली, लग्न होऊन नवरा तिथेच आणला, तो तिथेच गेला. ऐंशीला टेकली होती.

दोन खोल्या, मधोमध धुराडं. नदीतल्या कालवांची शिंपली जाळून केलेला चुना, त्यात वाळू आणि अख्खी शिंपली घालून ओतलेलं. जवळून पाहिलं की शिंपली दिसायची, लहानपणी आम्ही त्यांवरून बोट फिरवायचो. फळ्या पाइनच्या गाभ्याच्या, खिळा वाकेल पण शिरणार नाही अशा. दाराखिडक्यांच्या चौकटी निळ्या. निळा रंग दिसला की भुताला पुढे पाणी आहे असं वाटतं आणि ते मागे फिरतं.

आणि आतून सगळ्या भिंतींना वर्तमानपत्रं.

हे फक्त थंडीसाठी नव्हे. हडळीचा एक स्वभाव असतो. लिहिलेलं काही दिसलं की अक्षरन् अक्षर वाचल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही. भिंतभर मजकूर वाचता वाचता उजाडतं आणि झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसायचं राहून जातं. म्हणून वर्ष संपतं त्या दिवशी, चर्चमध्ये जागायला जायच्या आधी, आमच्याकडे मैद्याची खळ शिजायची. खळीत लाल तिखट, म्हणजे झुरळं कुरतडत नाहीत. जुन्यावर नवं चिकटवायचं, जुनं कधी काढायचं नाही. आत्याच्या आईने चिकटवलं, तिच्या आईने, तिच्याही आईने. थरावर थर बसून भिंत हाताला गादीसारखी लागायची. आत्या अक्षरं शिकली ती पलंगावर पडून, साबणाच्या जाहिरातीवरून. मी शाळा शिकलेली आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझ्या पलंगामागेही एक पान चिकटवलेलं आहे, पण तो विषय वेगळा.

कंपनीने इस्टेट घेतली तेव्हा त्या घराचा प्रश्न आला. जुन्या मालकांनी आत्याच्या वडिलांना शब्द दिला होता, की तुझी पोरगी मरेपर्यंत इथे राहील. शब्द देणारे गेले, त्यांच्या नातवाने विकून टाकलं. कंपनीला लग्नाच्या गाड्या लावायला जागा हवी होती. आमच्या पास्टरांनी धावपळ करून राज्याच्या वारसा मंडळाकडे अर्ज केला. मंडळाचा माणूस येऊन पाहील. घर मूळचं ठरलं तर त्याला कुणी हात लावू शकणार नाही आणि आत्यालाही कुणी हलवणार नाही. नाही ठरलं तर कंपनी मोकळी.

मी आत्याला जाऊन सांगितलं. ती ओसरीवर बसून लाल चवळी निवडत होती.

"आत्या, शुक्रवारी माणूस येणार. तू कशालाही हात लावायचा नाहीस. झाडू मार, बास."

"माणूस येणार आणि मी घर तसंच ठेवू?"

"तसंच ठेव. त्याला तसंच बघायचंय."

"असं कसं बघायचंय? शेंबडं पोर कुणी बघायला मागतं का?"

"आत्या, भिंतींना हात लावायचा नाही. ऐकतेस ना?"

"तू जन्माला यायच्या आधीपासून हे घर मी राखतेय. मला शिकवतेस? आधी तुझ्या घरची ती काळी कढई घास, तिच्यात तोंड दिसेल तेव्हा ये मला शिकवायला."

मी हसले. तीही हसली. मग तिने सुपातला एक खडा काढून लांब भिरकावला आणि म्हणाली, "अर्नी, पण तो फोटो काढणार का गं?"

त्या प्रश्नामागे काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आत्या लहान असताना एक गोरा फोटोवाला उत्तरेकडून आला होता. न सांगता दारात उभा राहिला. आजी चुलीपाशी होती, आत्या नुसत्या झबल्यात भिंतीला टेकून उभी. त्याने फोटो काढला, आभार मानले, गेला. तो फोटो एका मोठ्या मासिकात आला. खाली लिहिलं होतं, 'इथे माणसं अजून कागदाच्या घरात राहतात'. शाळेत मास्तरांनीच तो फळ्यावर लावला. त्या दिवसापासून आत्याचं नाव पडलं कागदी व्हर्डेल. लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणीतरी मागून ओरडलं होतं, "जपून रे, पावसात नेऊ नकोस, भिजेल!" तो फोटो अजून जिल्ह्याच्या वाचनालयात जिन्याजवळ लावलेला आहे. आत्या म्हणून वाचनालयाची पायरी चढत नाही.

फोटोचं कळलं तेव्हा आजी काय म्हणाली, ते आत्या नेहमी सांगायची. ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आधी सांगायचं नाही का? आवरलं असतं जरा."

"नाही काढणार फोटो," मी आत्याला म्हटलं. काढणार होता, ते मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मला राज्याच्या राजधानीला, कोलंबियाला जावं लागलं. माझ्या लेकीचे दिवस भरले होते. नातू झाला, आडवा होता म्हणून जरा त्रास झाला, मी राहिले. परतले ती गुरुवारी, उन्हं कलायच्या वेळी, थेट आत्याकडेच, बाळाचे फोटो दाखवायला.

ओकच्या रांगेपाशीच रंगाचा वास आला.

निळ्या चौकटी पांढऱ्या झाल्या होत्या. बाहेरच्या फळ्या दिसत नव्हत्या, त्यांच्या जागी एकीवर एक बसवलेल्या पट्ट्यांची पांढरीशुभ्र प्लास्टिकची भिंत होती. छपरावर धुराडं नव्हतं. अंगणात मोठा काळा गोल पडला होता, अजून धुमसत होता. आत्याचा मुलगा लूशस शिडीवर उभा राहून ब्रश मारत होता. तो गावात घरदुरुस्तीची कामं करतो. चर्चच्या दोघी बायका ओसरीवर फडकी पिळत होत्या आणि आत्या दारात उभी होती, कमरेला एप्रन, नाकावर रंगाचा ठिपका. एवढी खूश मी तिला नवरा होता तेव्हाही पाहिली नव्हती.

"ये, ये! पाय पूस! ओळखतेस का घर?"

मी आत गेले. जिथे गादीसारखी भिंत होती तिथे गुळगुळीत पांढरी पत्र्यासारखी भिंत. खाली चकचकीत फरशीच्या चित्राचं प्लास्टिक. चुलीच्या जागी विजेची शेगडी.

"भिंतीचे कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

"जाळले. काय निघाले गं! पोत्यांवर पोती. खालच्या थरांतलं तर वाचताही येत नव्हतं."

"आणि फळ्या?"

लूशस खाली उतरून आला होता. "फळ्यापण. अर्नी, त्या लाकडात तेल होतं नुसतं! काडी लावली आणि काय भडकल्या! आणि ते धुराडं, ते कललेलंच होतं, एका घणात आलं खाली. शिंपली वाटेवर टाकलीत, आता चिखल नाही होणार."

"मी सांगून गेले होते ना, हात लावू नका म्हणून!"

आत्याने एप्रनला हात पुसले. "तू सांगितलंस. पण कँडेस म्हणाली."

कँडेस म्हणजे आमच्या कंपनीची मॅनेजर. गोरी, आत्याच्या नातीच्या वयाची. तीही तिला 'व्हर्डेल आत्या' म्हणते. आत्या ती आमची. गोऱ्यांनी आमच्या बायकांना आत्या म्हणायचं कारण वेगळं होतं, म्हणजे त्यांना मानाने 'बाई' म्हणावं लागू नये. पण कँडेसला ते माहीत नसावं, आणि माहीत असलं तरी तिला काय.

"काय म्हणाली कँडेस?"

"स्वतः चालत आली इथवर, उन्हातून. मी सरबत दिलं. म्हणाली, 'व्हर्डेल आत्या, घाबरू नका. मंडळ एवढंच बघतं, की घर जपलंय की नाही. जे जपलेलं असतं तेच टिकतं.' मग म्हटलं, जपून दाखवू या की! लूशसला म्हटलं, तुझा सगळा माल काढ. चर्चवाल्या धावून आल्या. हिला विचार, आम्ही जेवलोसुद्धा नाही धड."

जपणं. मोठ्या घरात जपणं म्हणजे खांब कुजला की त्याचा सोंगाड्या भाऊ आणून उभा करायचा. मंडळाच्या माणसाला जपणं म्हणजे हात न लावणं. आणि आमच्या आत्याला जपणं म्हणजे घासणं, पुसणं, रंगवणं, पाहुण्याला बोट ठेवायला जागा न ठेवणं. कँडेसने मुद्दाम तो शब्द वापरला की सहज बोलून गेली, ते देव जाणे. मी तिला नंतर विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने डोळे मोठे केले असते.

पिकतं तिथे विकत नाही. घरच्या अर्नीचं ऐकलं नाही, मोठ्या घरातून उतरून आलेल्या पोरीचं ऐकलं. मला इतका राग आला की मी ओसरीच्या पायरीवर मटकन बसले आणि बाळाचे फोटो दाखवायचेच विसरले.

"रंग नाही आवडला का?" लूशसने हळूच विचारलं.

त्याला काय सांगणार? मी उठून त्या काळ्या गोलाशी गेले, पायाने राख उकरली. एक शिंपलं, वाकलेले जुने खिळे, बाकी काही नाही.

शुक्रवारी माणूस आला. मिस्टर ऑगबर्न. सडपातळ, घामेजलेला, खरोखर भला माणूस होता, आणि हेच वाईट होतं. तो दुष्ट असता तर मला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

आत्याने चर्चची जांभळी टोपी घातली होती. टेबलावर बर्फ घातलेला गोड चहा आणि लोण्याचा केक. ऑगबर्न दारातून आत आला आणि तिथेच थांबला. मग त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केली. वाकून प्लास्टिकचा कोपरा उचलून पाहिला. बाहेर जाऊन धुराडं होतं तिथे वर पाहिलं. कंपनीकडून कँडेस आली होती, ती लांब सावलीत उभी राहून फोनवर बोलत होती.

"बाई," तो आत्याला म्हणाला. बाई म्हणाला, ते मी विसरणार नाही. "मला जरा सांगाल का, यातलं मूळचं काय काय आहे?"

आत्याने त्याच्यापुढे केकची बशी सरकवली आणि मान ताठ केली.

"काहीच नाही साहेब!" ती म्हणाली. "एक फळीसुद्धा नाही! सगळं नवंकोरं!"

लूशस तिच्या मागे उभा होता. त्याला त्या क्षणी कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला आणि नजर फिरवली.

"साहेब," मी पुढे झाले, "मोठ्या घराचे खांब कारखान्यातले आहेत. जिना दुसऱ्या घराचा आहे. एक बाजू सबंध जळून नवी झाली. मी रोज दाखवते, मला माहीत आहे. त्याला पाटी कशी मिळाली?"

"ते बदल मंडळाला विचारून, मूळ आराखड्याबरहुकूम केलेत," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "जुने नकाशे होते. या घराचा नकाशा कुणी काढलाच नव्हता. इथे जे होतं, ते हे घरच होतं."

"घर आहे की. समोर उभं आहे. ती आत उभी आहे."

"माणसांची नोंद आम्ही करत नाही हो," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्याने ओशाळला. "मला खरंच वाईट वाटतं. मागच्या आठवड्यात आलो असतो तर..."

त्याने चहा संपवला, आत्याने दिला म्हणून केकचा दुसरा तुकडाही खाल्ला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि गेला.

आत्या ओसरीवर उभी राहून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. मग वळली.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला, आत्या."

"नाही कसं म्हणेल? केक दोनदा घेतला त्याने."

"घर नवं आहे म्हणाला. जुनं असतं तर राहिलं असतं."

तिला हे कळायला वेळ लागला. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा लूशसकडे. मग खाली टेकली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या पिना एकेक करून परत टोचत बसली. "घाण ठेवायला हवी होती म्हणायची," ती म्हणाली.

घर पाडलं तेव्हा मी मोठ्या घरात शाळेच्या मुलांना जेवणघर दाखवत होते. खिडकीतून यंत्राचा पिवळा हात वर जाताना दिसला. प्लास्टिकच्या भिंतींचं घर पडायला किती वेळ लागणार? मी भाषण थांबवलं नाही. थांबवलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली असती तरी यंत्र थांबलं नसतं. मी म्हटलं, "मुलांनो, ही शेकोटी संगमरवराची वाटते ना?"

आत्याला गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली मिळाली. तिसरा मजला, खिडकी उघडत नाही. भाड्याच्या भिंती, त्यांना काही चिकटवायचं नाही असा नियम. लूशसने तरी पलंगामागे एक पान लावलं, तर इमारतीच्या देखरेखीवाल्याने येऊन ओल्या फडक्याने काढलं आणि वर समज दिली. आत्याची झोप गेली. खुर्चीत बसून राहायची. पाठ टेकली की हडळ येते म्हणायची, छातीवर बसते, तिला तिथे वाचायला काहीच नाही ना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसा पेंगायची. अंगावरचे कपडे सैल होत गेले. मी भेंडी घालून भात नेला तर म्हणायची, "ठेव. खाईन." पुढच्या खेपेला तो तसाच असायचा. लूशस तिला भेटायला यायचा तेव्हा हात खिशात घालून उभा राहायचा, बसायचा नाही. नंतर नंतर येईनासाच झाला. तो का येत नाही, ते ती विचारत नसे.

मग गाड्यांच्या तळाच्या कोपऱ्यात कंपनीने एक खोपट बांधायला घेतलं. पाहुणे विचारायचे, कामकऱ्यांची घरं कुठे आहेत म्हणून. नव्या फळ्या, त्यांना सोड्याचं पाणी मारून काळपट केलेल्या. शिंपल्यांचं धुराडं, साच्यातून काढलेलं. निळ्या चौकटी. कँडेसने मला बोलावलं.

"अर्नेस्टीन, आत कागद लावायचे आहेत. मिस्टर ऑगबर्ननी त्यांच्या अहवालात लिहिलंय, इथे तशी पद्धत होती. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या नकला छापून आणल्यात. ती खळ कशी करतात ते व्हर्डेल आत्यांना विचारशील का? त्या स्वतः आल्या तर काय छान होईल! त्यांनाही बरं वाटेल."

आत्याला विचारलं ते तिने नाही म्हणावं म्हणून. मला कँडेसला जाऊन सांगायचं होतं, नाही म्हणाली, थुंकली तुमच्या खोपटावर.

आत्या म्हणाली, "कधी जायचं?"

ती आली. तिखटाची पुडी स्वतःच्या पिशवीतून आणली, कंपनीच्या तिखटावर तिचा विश्वास नव्हता. खळ ढवळताना दोनदा माझ्यावर खेकसली, "गुठळी! गुठळी झाली बघ, लक्ष कुठे आहे तुझं?" कितीतरी आठवड्यांनी ती कुणावर खेकसली होती. नकला हातात घेऊन तिने वास घेतला. "चहात बुडवलेत मेल्यांनी. अक्षर तरी खरं आहे ना? हडळीला अक्षराशी मतलब." मी कागद धरायचे, ती खळ फासून तळहाताने मधून कडेकडे दाबत न्यायची, एक सुरकुती नाही. फळीएवढी भिंत उरली तेव्हा उन्हं दारातून आत आली होती. तिने तेवढीही लावली, मागे होऊन पाहिलं आणि शोभेच्या पलंगावर टेकली. मक्याच्या सालींची गादी, जुन्या पद्धतीने भरलेली. कुरकुरली.

मी बादली धुवायला नळावर गेले. परत आले तर ती आडवी झाली होती. डोकं भिंतीकडे, टोपी छातीवर, तोंड किंचित उघडं. घोरत होती. घर पाडलं त्यानंतर तिला मी अशी झोपलेली पाहिली नव्हती. मी दाराशी बसले. माशा हाकल्या. कुणी आलं तर परत पाठवायचं असं ठरवलं होतं.

पण पाच वाजता सगळं बंद होतं आणि त्याआधी शेवटची टोळी येते. ती माझी नव्हती, दुसऱ्या मुलीची होती. ती मुलगी नवीन, तिला काय माहीत. ती पाठ केलेलं बोलत बोलतच आली, "आणि हे त्या काळच्या कामकऱ्यांचं घर," आणि पाचसहाजण दारात माझ्या डोक्यावरून आत डोकावले.

"अगं बाई, आत माणूस ठेवलंय," एकजण म्हणाली. "किती खरं वाटतं!"

"थांबा," मी म्हटलं. "फोटो नका काढू."

पण एका लाल टोपीवाल्याने फोन वर धरलाच होता. खटकन आवाज झाला, मग आणखी एक. तो अगदी अदबीने मला म्हणाला, "एक विचारू? हे मूळचं आहे का?"

मला आत जायलाच हवं होतं. पाच वाजले होते आणि दाराला साखळी लावायची होती. मी आत्याच्या खांद्याला हात लावला. एकदा, मग जोरात. ती कुठून तरी फार लांबून वर आली. तिने आधी भिंत पाहिली, मजकुराने भरलेली, आणि तिचा चेहरा इतका निवांत झाला की मला तिथेच मरून जावंसं वाटलं. मग तिने दाराकडे पाहिलं. दारात गोरी माणसं होती, हातात फोन.

ती धडपडून उठून बसली. विस्कटलेले केस दोन्ही हातांनी चापले, झगा गुडघ्यांवरून खाली ओढला, खळीने माखलेले हात मागे लपवले.

"अर्नी," ती मला हळूच म्हणाली, पोर आईला म्हणतं तशी. "आधी सांगायचं नाही का गं? आवरलं असतं जरा."